सोलकढीच्या खाली लिहिलेलं सॉफ्टवेअर

माझ्या खानावळीच्या दारात एक काळा फळा आहे. सकाळी कुकरची पहिली शिट्टी झाली की मी खडू घेऊन त्याच्यासमोर उभी राहते आणि दिवसाचा बेत लिहिते. वरून खाली क्रम ठरलेला. आधी भाजी, मग आमटी, मग भाकरी-चपाती, खायचा वार असेल तर सुकट नाहीतर चिकन, आणि सगळ्यात खाली सोलकढी. शाळा माझी चौथीत सुटली, पण अक्षराला कुणी नावं ठेवून दाखवावीत. इतकी वर्षं रोज भिंतीएवढ्या फळ्यावर लिहिलं की मास्तरणीचंसुद्धा एवढं वळणदार होत नाही.

हे सांगायचं कारण असं, की याच फळ्यावर सोलकढीच्या खाली मी एकदा सॉफ्टवेअर लिहिलं होतं. आता आमच्या घरात ती गोष्ट हसत हसत निघते. तेव्हा कुणी हसत नव्हतं.

खानावळ मुरबाडला, एमआयडीसीच्या रस्त्याला. घर शहापूरच्या बाजूला. सकाळच्या एसटीनं मी येते, संध्याकाळच्या एसटीनं परत जाते. तांदूळ माझ्या माहेरचा, धसईचा, त्यात मी कधी तडजोड केलेली नाही. पोराचं शहापुरात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे; तालुक्यातले जळालेले पंप त्याच्याकडे येतात. आणि सून भातसानगरची. तिचे वडील धरणावर नोकरीला, त्यामुळे ती कॉलनीत वाढलेली, शिकलेली, बोलायला स्पष्ट. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीचं सॉफ्टवेअर ती विकते. शहापूरच्या हायवेपासून मुरबाडपर्यंतचे सगळे कारखाने तिच्या वाट्याला.

तिला ही नोकरी लागली तेव्हा मी विचारलं होतं, "तू विकतेस काय गो नक्की?"

"कारखान्याला वीज किती लागली, डिझेल किती जळलं, बॉयलरमध्ये काय घातलं, माल न्यायला ट्रक किती फिरले, हे सगळं त्यात भरायचं, आई. मग ते सांगतं, या कारखान्यानं हवेत कार्बन किती सोडला."

"आणि ते कळून कुणाला काय करायचंय?"

"परदेशातलं गिऱ्हाईक विचारतं. आधी आकडा दाखवा, मग माल घेतो म्हणतं."

हे मला तिथल्या तिथे पटलं. माझ्याकडेसुद्धा अशी गिऱ्हाइकं येतात. चप्पल काढायच्या आधी विचारतात, मावशी, तेल कुठलं वापरता? उत्तर आवडलं तर बसतात.

पण माल पटणं वेगळं आणि खपणं वेगळं. वर्ष होत आलं तरी तिच्याकडून या पट्ट्यात एकानंही ते घेतलं नव्हतं. तिच्या सरांनी फोनवर सांगितलं, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर तिकडचं काम बंद करू, तुम्ही पुण्याच्या ऑफिसला या. माणूस वाईट नव्हता, लहान कंपनी म्हणजे त्याचंही ओढूनताणूनच चाललेलं. आता पोराचं दुकान काही उचलून पुण्याला ठेवता येत नाही. नात शहापूरच्या शाळेत रमलेली. सून एकटी जाणार की नातीला घेऊन जाणार, एवढंच ठरायचं राहिलं होतं, आणि जेवताना तो विषय आम्ही कुणी काढत नव्हतो. नोकरी सोडते असं ती म्हणाली नाही. सोड असं मीही म्हटलं नाही. एवढं शिकून मिळवलेलं काय असं टाकून द्यायचं असतं?

एका रविवारी भाजी निवडताना ती म्हणाली, "आई, त्यांना आमचा माल वाईट वाटत नाय. त्यांना आमचं नावच माहीत नाय. गेटवरूनच विचारतात, कोण तुमी?"

"कोण विचारतं?"

"परचेसवाले. कंपनीसाठी काय घ्यायचं, कुणाकडून घ्यायचं, ते बघणारे."

मला हसूच आलं. "अगो, ते तर रोज दुपारी माझ्यासमोर मांडी घालून बसतात! मी विचारते त्यांना."

"तुमी काय विचारणार?"

"पापड वाढताना काय पण विचारता येतं."

आणि मी विचारलं. सोमवारपासून सुरुवात केली. ज्याच्या पानात पापड, त्याला प्रश्न. "काय हो साहेब, ते कार्बनचा हिशोब करायचं सॉफ्टवेअर असतं ना, तुमच्या ओळखीचं कुठलं?"

मग एकेक उत्तर यायला लागलं. एकानं मोठ्या परदेशी कंपनीचं नाव सांगितलं, जिचा कॉम्प्युटर त्याच्या टेबलावर आहे. ती हे बनवते का, ते त्याला माहीत नव्हतं, पण बनवत असणारच म्हणाला. दुसरा म्हणाला, ते वर मुंबईला ठरतं, आमी सही करतो. तिसरा म्हणाला, "मावशी, आमच्या कारखान्यातून धूर निघतच नाय," आणि त्याच्या शेजारचा ठसका लागेपर्यंत हसला, कारण तो त्याच कारखान्याच्या भिंतीपलीकडे काम करतो.

एक परचेसवाले साहेब आहेत, लोखंडी सळईच्या तारा ओढायच्या कारखान्यातले. खूप वर्षांचं गिऱ्हाईक, खिडकीपाशी बसतात, सोलकढी दोनदा घेतात. ते म्हणाले, "एक आहे, चांगली कंपनी आहे. मुंबईला हॉटेलात कार्यक्रम होता त्यांचा."

"नाव काय?"

त्यांनी आठवलं, आठवलं, आणि शेवटी पायाशी ठेवलेली आपली बॅग उचलून उलटी केली. बॅगेवर नाव छापलेलं होतं, ते वाचून सांगितलं. रोज त्या बॅगेतून ते कागद नेतात-आणतात. "बॅग मस्त आहे हां मावशी," म्हणाले, "चेन अजून अडकली नाय."

घरी येऊन मी सुनेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बघा ना. आमची कंपनी बॅगा कुठून देणार?"

बॅग नाही तर नाही, माझ्याकडे फळा होता. मी काही विचारत बसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सोलकढी लिहून झाली, खाली जागा उरली होती, तिथं मी सुनेच्या सॉफ्टवेअरचं नाव लिहून टाकलं. इंग्रजी नाव, मी मराठीत लिहिलं, चांगलं ठळक. रोज दोनशे माणसं तो फळा वाचतात, माझा हिशोब सरळ होता. नाव डोळ्यांसमोर राहील, राहता राहता डोक्यात जाईल.

ते डोक्यात गेलं. पण फळ्यावर जे असतं ते खायचं असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुपारी मी आत भाकऱ्यांवर. बाहेर वाढायला माझ्याकडे एक बाई आहे, जवळच्याच पाड्यावरची, हाताला चपळ. तिला मी एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवलेली: गिऱ्हाइकानं काहीही मागितलं आणि ते आपल्याकडे नसलं, तर नाय म्हणायचं नाही, "संपलं" म्हणायचं. नाय म्हटलं की गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. संपलं म्हटलं की उद्या लवकर येतं. पहिल्याच दिवशी कुणीतरी फळा वाचून ते नाव मागितलं. तिनं मान वर न करता सांगितलं, "संपलं."

दुसऱ्या दिवशी दोघांनी मागितलं. "संपलं." तिसऱ्या दिवशी ट्रकवाल्यांचं एक टोळकं मुद्दाम बाराच्या आत येऊन बसलं. "आज तरी आहे ना?" तिनं बिचारीनं हात जोडले, "आताच संपलं दादा." आठवडाभर हे चाललं आणि मला पत्ता नाही. मी आपली रोज सकाळी खडू झिजवतेय. सगळ्या एमआयडीसीत बोलबाला झाला की मावशीनं काहीतरी नवीन केलंय, आणि ते कुणाला मिळत नाही.

मला कळलं ते सुनेकडून. ती एका कारखान्यात आपलं सॉफ्टवेअर दाखवायला गेली होती. लॅपटॉप उघडला, भिंतीवर नाव उमटलं, आणि खोलीतले सगळे एकदम, "अरे! हे मावशीकडे संपतं तेच ना?" एक तर म्हणाला, गोड असतं की तिखट?

ती तिथून थेट खानावळीत आली. फळ्यासमोर उभी राहिली. मग आत आली, ओट्याला टेकली आणि म्हणाली, "आई, तुमी मला विचारायचं तरी."

"नाव माहीत नाय म्हणालीस म्हणून..."

"आता माहीत झालं! आता मी कुठं पण गेले तर लोक ताट घेऊन बसतील." आणि एवढं बोलून ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मी भाकरी तव्यावर टाकून तिच्याजवळ गेले. भाकरी करपली. वाढणारी बाई दारात येऊन बघून गेली आणि बाहेर जाऊन कुणाला तरी म्हणाली, "भाकरी संपली."

सून म्हणाली, पुसून टाका. मी म्हटलं, उद्या पुसते. का कोण जाणे, हात होत नव्हता. लोक चुकीचं का होईना, पण नाव घेत होते. चुकीचं ओळखणाऱ्याला बरोबर सांगता येतं. जो ओळखतच नाही त्याला काय सांगणार?

ते नाव अजून फळ्यावर असतानाच तारांच्या कारखान्यातले बॅगवाले साहेब जेवण झाल्यावर हात पुसत माझ्या गल्ल्यापाशी आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "मावशी, ते तुमच्या फळ्यावरचं. ते खायचं नाय ना?"

"नाय. माझी सून विकते ते. सॉफ्टवेअर आहे."

"कार्बनचं?"

"कार्बनचं."

"मग असं करा, तिला सांगा, एक कोटेशन पाठव. दोन आलीत माझ्याकडे, मुंबईवाल्यांनीच नावं दिली. तिसरं पाहिजे फाइलीला."

मी संध्याकाळी आनंदानं घरी आले. सुनेचा चेहरा मात्र ऐकून पडला. "आई, तिसरं कोटेशन म्हणजे भरतीचं. नियम आहे म्हणून तीन मागतात. घ्यायचं कुणाचं ते आधीच ठरलेलं असतं."

"मला नको सांगू," मी म्हटलं. "मी स्वतः दिलंय." खरंच दिलंय. एका कारखान्याच्या कँटीनसाठी मला असंच तिसरं कोटेशन मागितलं होतं. माझं होणार नाही हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. "पण मला आत बोलावलं ना त्यांनी. आतलं कँटीन बघायला मिळालं. तिथं कळलं की दुसऱ्या पाळीच्या पोरांना गरम काहीच मिळत नाय. आज माझा संध्याकाळचा चहा-वडा चालतो तो कुणाच्या जिवावर? त्याच पोरांच्या. तू जा. पंगतीत शेवटचं का असेना, पान मांडलंय तुझं."

"आणि जाऊन काय करू?"

"पानात काय वाढलंय त्यापेक्षा तिथं उपाशी कोण आहे ते बघ."

ती गेली. नेहमीसारखा लॅपटॉप उघडून भिंतीवर चित्रं दाखवायचं तिनं त्या दिवशी केलंच नाही. कोटेशन बॅगवाल्या साहेबांच्या हातात दिलं आणि विचारलं, "तुमच्याकडे हे आकडे रोजचे भरणार कोण?" साहेबांनी आतल्या एका खोलीकडे बोट दाखवलं. तिथं सेफ्टीवाले साहेब होते. तरुणच आहेत, माझ्याकडेही येतात, पण जेवताना हल्ली बोलत नव्हते. परदेशातल्या गिऱ्हाइकानं आकडा मागितलेला, महिनाअखेर जवळ आलेली, आणि विजेची बिलं, डिझेलच्या पावत्या, बॉयलरला लागणाऱ्या भुशाच्या कांड्यांची बिलं यांचा ढीग टेबलावर. मोठ्या दोन्ही कंपन्यांना त्यांनी फोन केलेला. दोघींनी सांगितलं, आधी ऑर्डर द्या, मग आमची टीम तुमच्याशी बोलेल.

सून म्हणाली, "चला, ऑर्डरचं पुढं बघू. हा आकडा आपण आता काढू."

कारखान्यात बाहेरच्या माणसाला कॉम्प्युटरला हात लावू देत नाहीत. मग बसायचं कुठं? दुपारची जेवणं उठली की चारपर्यंत माझ्याकडे मागची दोन टेबलं रिकामी असतात. सेफ्टीवाले साहेब आपल्या साहेबांना विचारून बिलांच्या प्रती घेऊन आले, सून लॅपटॉप घेऊन आली. चार-पाच दुपारी त्या दोघांनी तिथं काढल्या. मी आपली भांडी घासून घेत होते आणि कान तिकडे.

"या कांड्या कशाच्या?" ती विचारायची.

"भाताचं तूस, लाकडाचा भुसा. कधी हे जास्त, कधी ते."

"सारखंच धरलंय तुमी. वेगळं लिहायला लागंल."

"कोळशात टाकलं होतं मी."

"अहो, कोळसा म्हणालात तर उगाच तुमचं नाव खराब होईल!"

मला त्यातलं अर्धं कळत नव्हतं. पण एक कळत होतं. पहिल्या दिवशी त्या साहेबांनी चहा थंड करून टाकला होता, तिसऱ्या दिवशी त्यांनी वडा मागितला. माणूस सुटायला लागला की त्याला भूक लागते.

त्या दिवसांत बॅगवाले साहेब येता-जाता थांबायचे. खुर्ची ओढून बघत बसायचे. आकडा वेळेत गेला. गिऱ्हाइकाकडून परत काही विचारणा आली, त्याचंही उत्तर सुनेनं बसून काढून दिलं. घरी आम्हाला वाटलं, झालं आता. मी तर धसईहून नवीन तांदूळ आला की पहिला भात त्या कारखान्याला फुकट घालायचा, असंसुद्धा मनात धरलं होतं.

आणि मग मुंबईहून निर्णय आला. ऑर्डर मोठ्या कंपनीला. बॅगेवर नाव होतं तिलाच.

बॅगवाले साहेब सांगायला स्वतः आले, हे मी विसरणार नाही. जेवले नाहीत आधी. सुनेसमोर उभे राहून म्हणाले, "मॅडम, माझ्या हातात असतं तर दिलं असतं. वरचं ठरलेलं होतं."

सून म्हणाली, "मला माहीत होतं, सर." आवाज हलला नाही तिचा. मला अभिमान वाटला. दिवाळी पंधरवड्यावर आलेली. घरी पोरानं पुण्याला खोलीचं भाडं काय असतं ते एका मित्राला विचारलेलं मी ऐकलं होतं.

साहेब मग खिडकीपाशी जाऊन बसले. त्यांच्या समोर त्या दिवशी दोन कारखानदार होते. कारखानदार म्हणजे शेडवाले, लहान. एक खिळे-बोल्ट करतो, दुसरा तारांची रिळं करून देतो. दोघंही या साहेबांनाच माल देतात. सोलकढी वाढायला मी स्वतः गेले होते म्हणून पुढचं माझ्या कानानं ऐकलं.

साहेब म्हणाले, "आता तुमचाही आकडा लागणार आमाला. आमचं गिऱ्हाईक म्हणतं, तुमाला माल देणाऱ्यांचा धूर पण दाखवा."

बोल्टवाला घास हातात धरून म्हणाला, "म्हणजे आमी पण ते मुंबईवालं महागडं घ्यायचं? शेड विकू का साहेब?"

"ते नको घेऊ तू. तुला झेपायचं नाय आणि ते तुझ्याकडे फिरकायचे पण नायत." साहेबांनी मान वळवून दाराकडे बघितलं. "ते घे. ते फळ्यावरचं."

"ते खायचं ना?"

"अरे गाढवा, सॉफ्टवेअर आहे ते! ती मॅडम मागं बसलेय. आमचा आकडा तिनंच काढलाय, याच खानावळीत बसून. मी बघितलंय."

आणि मग सुनेच्या सॉफ्टवेअरचं नाव त्यांनी सांगितलं, बॅग उलटी करून वाचावं लागलं नाही. फळ्याकडेही न बघता, आठवून. माझ्या हातातल्या भांड्यातली सोलकढी मी त्यांच्या वाटीत तिसऱ्यांदा ओतली आणि त्यांनी नको म्हटलं नाही.

बोल्टवाल्यानं आधी घेतलं, रिळवाल्यानं त्याचं बघून. दोन्ही लहानच कामं. पण सुनेच्या सरांना काम मोठं की लहान हे महत्त्वाचं नव्हतं; इथं घेणारा माणूस आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यांनी फोनवर सांगितलं की तिकडचं काम चालू ठेवा. मोठ्या कारखान्यांना माल देणारे असे शेडवाले या पट्ट्यात किती आहेत, हे त्यांना पुण्यात बसून माहीत नव्हतं. सुनेला माहीत होतं, कारण ते सगळे दुपारी जेवायला कुठं येतात ते तिला माहीत होतं. पोरानं भाड्याच्या खोलीचं नाव पुन्हा काढलं नाही. नातीनं शाळेच्या दिवाळीच्या सुट्टीत खानावळीत येऊन फळ्याच्या कडेला पणत्या काढल्या.

सुट्टी संपल्यावर एका सकाळी मी फळ्यासमोर उभी होते. सून माझ्याबरोबर आली होती. ती म्हणाली, "आई, आता ते नाव पुसलं तरी चालंल."

मी ओल्या फडक्यानं पुसलं आणि त्या जागेवर आवळ्याचं लोणचं लिहिलं. जागा मोकळी ठेवायची सवय नाही मला.

दुपारी पंगत भरली. दारात एक अनोळखी माणूस उभा राहिला, शर्टाच्या खिशात पेन, हातात कागदाची पिशवी. फळा वरून खाली वाचला, परत वर गेला, मग आमच्या वाढणाऱ्या बाईला विचारलं, "ताई, इथं ते... बोल्टवाले म्हणाले इथं मिळतं..." आणि त्यानं ते नाव घेतलं.

बाईनं मान वर न करता सांगितलं, "संपलं."

मागच्या टेबलावरून माझी सून उठली. "नाय नाय, संपलं नाय," ती म्हणाली. "बसा तुमी. आधी जेवून घ्या, मी येते."